पोटात पाय

आमच्या दापोलीकडच्या घरी न्हाणीघराच्या कोनाड्यात मिठाची एक बरणी असायची. कानाशी टवका उडालेली चिनीमातीची बरणी, तिच्यात खडेमीठ. स्वयंपाकघरातल्या मिठाशी तिचा संबंध नव्हता. मृग लागला, दोनचार सरी पडून गेल्या, चिऱ्यांच्या भिंतीला शेवाळ धरू लागले की रात्री मोरीच्या भोकातून ती वर यायची. आम्ही तिला शेंबडी म्हणत असू. शंख असला तर गोगलगाय, नसला तर शेंबडी. एवढेच आमचे वर्गीकरण होते. बोटभर लांब, चपटी, काळी, पाठीच्या मधोमध मातकट पांढरी रेघ. चाळीसच्या दिव्याच्या पिवळट उजेडात ती न्हाणीच्या दगडावर जिथे असेल तिथेच आहे असे वाटायचे, आणि तांब्या भरून परत बघावे तर वीतभर पुढे गेलेली असायची.

आजी बरणीत हात घालायची आणि मूठ सैल करायची. पुढचे मी एकदाच नीट पाहिले. ती आखडली, वळली, तिच्या अंगातून फेस आला, मग पिवळसर चीक, आणि सकाळी दगडावर सुकलेल्या पापडासारखे काहीतरी उरले होते. माझ्या पायाला चीक लागला म्हणून मी नळाखाली पाय धरला तर तो आणखी फुगला. आजी म्हणाली, "अगो, पाण्यानं नाही जायचा तो. आधी राख चोळ." राख चोळल्यावर त्याच्या वळकट्या होऊन निघाल्या. मग साबण.

खारीच्या पाठीवर रामाची बोटे उमटली हे मला ठाऊक होते. म्हणून मी विचारले, हिच्या पाठीवरची रेघ कोणाच्या बोटाची? आजीने क्षणभर विचार केला असावा. म्हणाली, "हिच्या पाठीवरून कोण हात फिरवील गो?"

पुढे मी जीवशास्त्र शिकले आणि तीसएक वर्षे शिकवले. या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही.

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण वर्गात सांगितली की मुले खुदकन हसायची आणि मग उदरपाद हा शब्द त्यांना पुन्हा सांगावा लागायचा नाही. १७९५ साली क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने शंख-गोगलगाईंच्या वर्गाला ग्रीक शब्द जोडून जे नाव दिले त्याचाही अर्थ पोट-पाय असाच. पॅरिसच्या संग्रहालयात बसलेला माणूस आणि परसात भांडी घासणारी आमची कोणी पणजी, दोघांनी एकच गोष्ट पाहिली. फरक इतकाच की पणजीने ती लगेच शेजारणीला लावून टाकली. वरून गरीब, आतून बेरकी.

पण म्हण म्हणून ती चोख असली तरी शंखवाल्या गोगलगाईला ती नीट लागू होत नाही. तिचा पाय अंगाइतकाच रुंद असतो, उघडा असतो, लपवलेला काही नसतो. ज्या कोणी ही म्हण पहिल्यांदा उच्चारली तिने शेंबडी उलटी करून पाहिली असणार, असे मला उगीचच वाटते. काचेच्या तुकड्यावर शेंबडी चालत सोडावी आणि खालून बघावे. सगळी बाजू फिकट, आणि तिच्या मधोमध जेमतेम चारपाच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी. तोच पाय. त्याच्या दोन्ही बाजूंना पाठीचेच कातडे खाली वळून आत आलेले, धोतराचा काठ दुमडून घ्यावा तसे. पायावरून मागून पुढे बारीक लाटा सरकत असतात. खरोखर पोटात पाय, तोही घडीत ठेवलेला. अरुंद पायातून पाणी कमी उडते, वरचे कातडे जाड असते; त्यामुळे शंख नसतानाही ही बाई इतर शेंबड्यांपेक्षा कोरड्या जागी तग धरते आणि उन्हाळाभर मातीच्या भेगांत खोल आखडून पडून राहते.

ही व्हेरोनिसेलिडी कुलातली. इंग्रजीत या कुलातल्यांना चामड्याच्या पानाची उपमा देतात. आपल्या अंगणातली जात लेव्हिकॉलिस आल्टे. मूळची आफ्रिकेची समजली जाते. आता भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटे, सगळीकडे आहे. कुंड्या, रोपे, त्यांच्या मुळांशी असलेली ओली माती यांच्याबरोबर माणसानेच तिला हिंडवले. आजी जिला आपल्या मोरीची पिढीजात शत्रू समजत होती ती अशी पाहुणी निघाली. या कुलातल्या सेम्परुला वंशाच्या जाती मात्र आपल्या भागातल्या, भारत-श्रीलंका ते आग्नेय आशिया अशा पसरलेल्या. अंधारात दोघी समोरासमोर आल्या तर मी सांगू शकणार नाही कोण घरची आणि कोण बाहेरची. दिवसाही नाही.

हे 'सांगू शकणार नाही' प्रकरणच मला सगळ्यात मोहवते.

शंखवाल्या प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांचे एका अर्थी लाडच झाले. प्राणी मरून गेला तरी शंख राहतो. त्याचे वेढे मोजा, तोंड उजवीकडे की डावीकडे बघा, ओठाची जाडी, नक्षी, रंग. ट्रेमध्ये कापसावर ठेवा, खाली चिठ्ठी लावा. शंभर वर्षांनी दुसरा कोणी येऊन तीच चिठ्ठी खोडू शकतो. शेंबडी मेली की काही राहत नाही. अल्कोहोलमध्ये ठेवली तर आखडून वाळल्या खारकेसारखी होते आणि रंग उडतो. आणि रंग राहिला असता तरी फारसा उपयोग नव्हता. एकाच जातीत काळी, करडी, तपकिरी, ठिपक्यांची अशी सगळी असतात. पाठीवरची रेघ ओळखीला बरी, पण तिच्या भरवशावर कोर्टात साक्ष देता येणार नाही.

मग ओळख कशावरून पटवायची? आतल्या गोष्टींवरून. नराचे जननेंद्रिय कसे आहे, त्याच्या बुडाशी बोटांसारख्या ग्रंथी किती नि किती लांब, आतड्याचा शेवटचा भाग कातड्यात कुठे शिरतो, पायाच्या पुढच्या टोकाची चिकट स्रावाची ग्रंथी कशी दुमडली आहे. म्हणजे जिचे नाव विचारायचे तिला आधी मारायचे आणि उघडायचे.

मारायची एक पद्धत आहे. उकळून गार केलेले पाणी काठोकाठ भरलेल्या बाटलीत शेंबडी सोडायची, वर हवेचा बुडबुडा न ठेवता बूच घट्ट लावायचे आणि रात्रभर ठेवायचे. गुदमरताना ती श्वासासाठी अंग जास्तीत जास्त पसरते. सकाळी ती लांब, सैल, शिंगे बाहेर आलेली अशी मिळते, चिरायला अगदी सोयीची. अल्कोहोलमध्ये जिवंत टाकली तर आखडते आणि मग काही दिसत नाही. मी हे मुलांना शिकवले आहे. पहिल्या वर्षी बाटली स्टाफरूममधल्या माझ्या टेबलावर होती आणि संध्याकाळी घरी जाताना मी ती पेपराने झाकून ठेवली. कशासाठी झाकली ते आजही धड सांगता येत नाही.

सकाळी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून ती उघडली आणि आतले सगळे भलतीकडेच निघाले. बागेत दिसणाऱ्या बहुतेक इतर शेंबड्यांच्या उजव्या कुशीत एक भोक उघडझाप करताना दिसते, श्वासाचे. हिला ते नाही. ज्याला फुप्फुस म्हणावे असे काही हाती लागत नाही. श्वासाचे काम मुख्यतः कातडेच करते. इतरांचे गुदद्वारही उजव्या बाजूला पुढे असते. शंखात राहायचे म्हणून शरीराला जो पीळ पडला त्याची ती खूण; शंख गेला तरी पीळ राहिला. घर विकले तरी जुन्या पत्त्यावरची पत्रे येत राहावीत तसे. हिने मात्र तो हिशोबही मिटवला आहे. हिचे गुदद्वार थेट शेपटाकडे, पायाच्या मागे. मादीचे जननछिद्र खालच्या अंगाला, उजवीकडे, शरीराच्या साधारण मध्यावर. नराचे मात्र पार पुढे, तोंडाजवळच्या उजव्या शिंगाशी. दोन्ही छिद्रे एकाच देहात, कारण ती उभयलिंगी. आधी नर म्हणून वयात येते, मग मादी.

"मॅडम, म्हणजे एकीलाच दोन्ही भूमिका?" असे नाटकात काम करणाऱ्या एका मुलाने विचारले होते. मी त्याला म्हटले, हो, आणि दोन्हींत टाळ्या नाहीत.

अंडी ती ओल्या मातीच्या खळग्यात घालते. प्रत्येक अंडे काचेच्या लंबगोल मण्यासारखे, आणि सगळी एका धाग्यात ओवल्यासारखी, वेटोळे करून. त्यावर माती आणि स्वतःची विष्ठा थापून ठेवते. पिले बाहेर येतात ती आयती शेंबडीच असतात, नखाएवढी. एकदा कढीपत्त्याच्या कुंडीखाली अशी माळ सापडली होती. शेजारच्या काकूंना दाखवायला नेली तर त्या म्हणाल्या, साबुदाणा दिसतो, आणि त्या चतुर्थीला त्यांनी वऱ्याचे तांदूळ केले.

शिंगांचेही सांगायला हवे. शिंगांच्या दोन जोड्या. वरच्या जोडीच्या टोकाला डोळे, खालची जोडी टोकाला दुभंगलेली, वास-चव घेत जमिनीवर टेकत जाणारी. नेहमीची गोगलगाय शिंगाला हात लावला की ते आतून ओढून घेते, पायमोजा उलटा करावा तसे. डोळा आत, कातडे त्याच्यावर. हिला तसे जमत नाही. हिची शिंगे रबरासारखी नुसती आखडतात. एवढ्याशा फरकावर शास्त्रज्ञांनी दोन मोठे गट पाडले: दांड्यावर डोळे असणारे एक, आखडत्या दांड्यावर डोळे असणारे दुसरे. सुरुवातीला मला हे क्षुल्लक वाटले होते. पण कुठल्या गोष्टीवरून माणसे वेगळी काढायची हे ठरवताना आपण तरी कुठे फार मोठे निकष लावले आहेत?

नावांची कथा माणसांच्या भांडणांसारखीच आहे. १८१७ साली ब्लँव्हिलने व्हेरोनिसेला हे नाव दिले. १८२२ च्या सुमाराला बॅरन फेरुसाकने व्हॅजिन्युलस हे दुसरे. त्याचा अर्थ लहानसे म्यान. देह म्यानात घातल्यासारखा दिसतो म्हणून. खरे तर हे नाव जास्त चांगले होते. जुन्या पुस्तकांतून कितीतरी काळ ते चाललेही. जर्मन अभ्यासक हान्स होफमान यांनी १९२५ मध्ये या कुलावर मोठा ग्रंथ लिहिला त्याचे नावही म्यानावरूनच आहे. पण वर्गीकरणात चांगल्या नावापेक्षा आधीचे नाव जिंकते. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४० साली व्हेरोनिसेलावरून कुलाचे नाव ठेवले होते, म्हणून तेच टिकले.

आमच्या मोरीतल्या जातीचे पाळण्यातले नाव आल्टे, ठेवले फेरुसाकने. तेव्हा ती व्हॅजिन्युलस आल्टे होती. नंतर ती कधी व्हेरोनिसेला आल्टे झाली, कधी फिलिकॉलिस आल्टे. सिमरोथ या जर्मन प्राध्यापकाने १९१३ मध्ये लेव्हिकॉलिस हा वंश मांडला होता, शेवटी तिथे ती स्थिरावली. आमच्याकडे लग्नात बाईचे आडनाव बदलायचे आणि पुष्कळदा पाळण्यातले नावसुद्धा. या शास्त्रात तेवढी दया आहे: सासर कितीदाही बदला, पाळण्यातले नाव बदलत नाही. शिवाय ज्याने ते ठेवले त्याचे नाव मागे लिहितात, आणि घर बदललेले असेल तर ते कंसात टाकतात. लेव्हिकॉलिस आल्टे (फेरुसाक, १८२२). तो कंस पाहिला की कळावे, ही मूळची दुसऱ्या घरची. आमच्या आजीचे माहेरचे नाव द्वारका होते हे मला ती गेल्यावर, तेराव्याला आलेल्या तिच्या भावाकडून कळले. तिच्या नावापुढे कोणी कंस केला नव्हता.

सेम्परुला हे नाव कार्ल सेम्परवरून. फिलिपिन्समध्ये राहून तिथले मृदुकाय प्राणी गोळा करणारा हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलच्या जोझे विलिबाल्दो थोमे यांनी या कुलाची कुंडली पुन्हा मांडण्यात हयात घालवली. जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांमधले जुने, आखडलेले, रंग उडालेले नमुने उघडून. कुलात सगळ्या मिळून शंभराच्या आसपास जाती आहेत. शंभर जातींसाठी एक आयुष्य. मला ते महाग वाटत नाही.

आपल्याकडेही कोणी बघतच नव्हते असे नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात १९७० च्या दशकात आर. नागभूषणम आणि त्यांचे सहकारी याच शेंबडीवर काम करत होते. तिच्या मेंदूतल्या स्राव पाझरणाऱ्या पेशी आणि तिचे प्रजनन यांचा काय संबंध आहे, हा त्यांचा प्रश्न. मेंदू म्हणजे अन्ननलिकेभोवती बांधलेल्या काही गाठी. तेवढ्यातही ऋतू आला की काही पेशी भरतात आणि रित्या होतात. ज्या काळात माझी आजी मूठ सैल करत होती त्याच काळात तीनचारशे किलोमीटरांवर कोणीतरी त्याच प्राण्याच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होते. दोघांच्याही हातून ती मरतच होती म्हणा.

शेंबडी हे कुल नाही, हे मला फार उशिरा उमगले. म्हणजे वाचले कितीतरी आधी होते. शंख टाकून देण्याचा उद्योग गोगलगाईंनी एकदा नाही, पुनःपुन्हा, वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या खंडांत केला आहे. शंख बांधायला चुना लागतो, वाहायला ताकद लागते, अरुंद फटीत शिरताना तो आडवा येतो. जिथे ओल भरपूर आणि चुना कमी, तिथे शंख लहान होत जातो, अंगाखाली जातो, नखाएवढा राहतो, नाहीसा होतो. त्यामुळे दोन शेंबड्या सारख्या दिसतात म्हणून त्यांचे नाते असेलच असे नाही. दोघांनी डोके तुळतुळीत केले म्हणून ते भाऊ होत नाहीत.

सह्याद्रीत या वाटेवर अर्ध्यात थांबलेल्याही आहेत. शंख आहे, पण आत मावत नाही असा. पाठीवर पिशवी अडकवावी तसा. आंबोलीतल्या अशाच एका अर्ध-शेंबडीचे २०२१ मध्ये वर्णन झाले, नव्या वंशासकट: वरदिया आंबोलिएन्सिस. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून वंशाचे नाव, आंबोलीवरून जातीचे. वर्णन करणारे अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि बेन रोसन. कोल्हापूरहून सावंतवाडीला जाताना आंबोलीत धबधब्याखाली उभे राहून कणसे खाणाऱ्या किती जणांच्या पायाशी ती असेल. या प्रांताचे जुने महंत म्हणजे गॉडविन-ऑस्टेन. काराकोरमच्या हिमनद्या मोजणारा सर्वेक्षक. के-टू शिखराला काही काळ त्याचे नाव लावत. नंतरची कित्येक वर्षे हा माणूस भारतातल्या गोगलगाई आणि शेंबड्या उघडून त्यांच्या आतल्या अवयवांची चित्रे काढत बसला. हिमालयाकडून शेंबडीकडे जाणे ही उतरण आहे असे मला वाटत नाही, पण त्याच्या घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

आमच्या आल्टेची खरी भावंडे मात्र आंबोलीत शोधून उपयोग नाही. ती समुद्रावर आहेत. रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला एक चामखिळीसारखी, दगडाच्याच रंगाची गोष्ट सरकताना दिसते. पेरोनिया. जुन्या पुस्तकांत ऑन्किडियम. भरतीला फटीत जाते, ओहोटीला बाहेर येऊन खडकावरचे शेवाळ खरवडते. तिच्या पाठीवर, चामखिळींच्या मधे, डोळे असतात. शिंगांवरचे दोन सोडून आणखी कितीतरी. तिचेही गुदद्वार मागे. तिचीही शिंगे आखडणारी. आणि तिसरे भावंड आग्नेय आशियात, जे स्वतः शेंबडी असून दुसऱ्या गोगलगाई खाते. गेल्या दोन-अडीच दशकांत डीएनए वाचून जी वंशावळ मांडली गेली तिच्यात हे नाते टिकले आहे. खडकावरच्या त्या चामखिळीला मी आल्टेची बहीण म्हणून पहिल्यांदा पाहिले तेव्हा रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला उकिडवी बसून बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. तीही माझ्याकडे बघत असावी. तेवढे डोळे होते.

एवढे कौतुक सांगताना मला माझ्या मामेभावाचा आवाज ऐकू येतो. त्याची लातूरकडे शेती. २०२२ च्या जुलैत त्याचा फोन आला, "ताई, तुझ्या गोगलगाई आल्यात. ये बघायला." त्या माझ्या शेंबड्या नव्हत्या, शंखी गोगलगाई होत्या, मोठ्या आफ्रिकन. बेन्सन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडलेल्या मूळ पाहुण्यांचे हे वंशज. पण त्या वेळी फोनवर वर्गीकरण सांगायची माझी छाती झाली नाही. सोयाबीन नुकते दोन पानांवर होते. संध्याकाळी असलेली ओळ सकाळी नसायची. रेत्रिका म्हणजे त्यांची जीभ, कानशीसारखी, हजारो बारीक दातांची. मी ती पडद्यावर मुलांना दाखवत असे आणि मुले वाहवा करत. भावाने गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाला पसरली, पहाटे उलटून त्याखालच्या गोगलगाई घमेल्यात भरल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या. तिसऱ्यांदा पेरायला बियाणे नव्हते. फोनवर शेवटी तो म्हणाला, "पोटात पाय असू दे नाहीतर डोक्यात, माझ्या शिवारातनं जाऊ दे म्हणजे झालं."

आजीच्या मिठामागे कसले भय होते ते मला ठाऊक नाही. किळस असेल, किंवा रांगत्या पोरांची काळजी. पण काळजीला कारण होते. उंदराच्या फुप्फुसातला एक कृमी असतो. १९३५ मध्ये चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो पहिल्यांदा वर्णिला गेला आणि त्या शहराचे नाव त्याला चिकटले. त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगाईत किंवा शेंबडीत वाढतात, आणि तिला उंदराने खाल्ले की परत उंदरात जातात. वाटेत चुकून माणूस आला, कच्ची भाजी न धुता खाल्ली, किंवा मुलाने शेंबडीच तोंडात घातली, तर त्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात. आल्टे त्यांच्या यजमानांपैकी एक. मुंबईच्या उंदरांतही हा कृमी असल्याचे १९८० च्या दशकात दाखवले गेले आहे. म्हणून मी मुलांना सांगत असे, उचला, बघा, पण नंतर हात साबणाने धुवा. आणि पालेभाजी धुताना प्रत्येक पान उलटून बघा. आजी हेच सांगायची. तिच्या वाक्यात कृमी नव्हता एवढेच.

मीठ मारते ते कसे, तेही मी शिकवले. कातडे ओले आणि पाणी झिरपू देणारे. बाहेर क्षार वाढले की आतले पाणी ओढले जाते. ती स्वतःला वाचवायला चीक सोडते, त्या चिकातही पाणीच जाते. ज्या कातड्यातून श्वास तेच कातडे वाळते. फळ्यावर दोन बाण काढले की समजते. फळ्याकडे पाठ करून मुलांकडे वळताना मला दर वर्षी न्हाणीतला तो दगड दिसायचा.

आता मी पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर राहते. यंदा आषाढात रात्री बाल्कनीचा दिवा लावला तर रोपवाटिकेतून आणलेल्या जास्वंदीच्या कुंडीच्या कडेवर ती होती. काळी, रेघवाली. तिसऱ्या मजल्यावर ती चढून आली नसणार. कुंडीतल्या मातीतून, जशी ती आफ्रिकेहून आली तशीच. आता अशा ओळखीसाठी मारावे लागतेच असे नाही म्हणतात. कातड्याचा कण किंवा चालताना मागे राहिलेला चीकसुद्धा पुरतो, त्यातून डीएनए काढता येतो. म्हणजे ती चालत गेली की सही मागे ठेवून जाते. मला सहीची गरज नव्हती. ती आल्टेच असावी, नसली तर सेम्परुला. त्या रात्री मला दोन्ही चालणार होते.

मी विजेच्या बिलाचा जाड कागद तिच्या खाली सरकवला. ती आखडली, मग हळूहळू सैल झाली. कागद उलटा धरून खालून पाहिला तर पाय दिसेना, कागद पारदर्शक नव्हता. तेव्हा तिला तळहातावर घेतले. थंड आणि कोरडी वाटली, इतकी ओली असून. पायाची पट्टी तळव्यावरून जाताना लाटा कळत नाहीत. फक्त काहीतरी पुढे सरकते आहे एवढे कळते. दुसऱ्या हाताच्या बोटाने मी तिच्या पाठीवरच्या रेघेवरून, डोक्याकडून शेपटाकडे, एकदा हात फिरवला.

मग जिना उतरून सोसायटीच्या भिंतीशी सुकलेल्या पानांचा ढीग असतो तिथे तिला सोडले. वॉचमन म्हणाला, "काय टाकलं ताई?" मी म्हटले, "काही नाही, शेंबडी." त्याने बॅटरी मारली, पाहिले, आणि बॅटरी बंद केली.

वर येऊन नळ सोडला आणि हात पुढे केला, मग आठवले आणि हात मागे घेतला. घरात राख कुठली. कणकेच्या डब्यातली चिमूटभर कणीक घेऊन तळव्यावर चोळली. चिकाच्या वळकट्या होऊन बेसिनमध्ये पडल्या. मग साबण.